पोत्याखालचा पाहुणा

मावशी, सप्रेम सलाम.

मी ऐरोलीत राहते, वय ३६. आम्ही मूळचे नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मिस्टर रबाळ्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होते. ती कंपनी मागच्या वर्षी बंद पडली. आमच्या सेक्टरमध्ये दर शनिवारी घरगुती प्रार्थनासभा भरते. जानेवारीत तिथे बाहेरगावचे एक सेवक, म्हणजे प्रचारक, आले होते. त्यांनी मिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "ईस्टरच्या आत तुझ्या हातात चावी येईल, असं प्रभू म्हणतो." आम्हाला वाटलं, नोकरी लागेल, स्वतःचं घर होईल. त्याच रात्री मिस्टरांनी ५,००० रुपये दान दिले. ईस्टर होऊन गेला. मिस्टर आता भावाच्या बाईकवर डिलिव्हरीचं काम करतात. मी सभेच्या पुढाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "बाईकची चावी आली ना हातात? वचन पूर्ण झालंय. तुझे आत्मिक डोळे उघडलेले नाहीत म्हणून तुला दिसत नाही." सभेत मोबाइलवरच्या युद्धाच्या, भूकंपाच्या बातम्या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, ओवींशी जुळवून दाखवतात. सगळे "हो, दिसलं" म्हणतात, मला काही दिसत नाही. सासूबाईंना मोतीबिंदू आहे. रोज रात्री मी त्यांना यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचून दाखवते. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत असतात आणि माझं मन कोरडं असतं. मावशी, मी खरंच आंधळी आहे का? एखादं भाकीत पूर्ण झालं हे ओळखायचं तरी कसं?

— एक बहीण, ऐरोली

प्रिय बहिणी,

आधी चावीचं बोलते, कारण तुझ्या मनात तीच रुतून बसली आहे. ते भाकीत पूर्ण झालेलं नाही. तू बरोबर पाहिलंस. चार महिन्यांत कुठल्या घरात कसली ना कसली चावी येत नाही? कपाटाची येते, शेजारणीच्या दाराची येते, बाईकची येते. काहीही घडलं तरी जे खरंच ठरतं, त्यात मुळात काही सांगितलेलंच नसतं. ज्या दिवशी ते शब्द उच्चारले गेले त्या दिवशी तुम्ही दोघांनी त्यांचा काय अर्थ घेतला, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी "अर्थ तसा नाही हं" असं म्हटलं नाही. अर्थ बदलला तो ईस्टर उलटल्यावर.

मोशेने याची कसोटी फार साध्या शब्दांत दिली आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या १८व्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, परमेश्वराच्या नावाने कोणी बोलला आणि ते घडून आलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, आणि त्या माणसाला भिऊ नकोस. भिऊ नकोस हे शब्द तुझ्यासाठी आहेत. पौलानेही थेस्सलनीकाकरांना पत्रात दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या: संदेशांचा धिक्कार करू नका आणि सगळ्याची पारख करा. पारख केलीस म्हणून तू अविश्वासी ठरत नाहीस. तू आज्ञा पाळलीस. त्या सेवकाच्या मनात कदाचित दयाच असेल, तुझ्या नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून चांगलं काही बोलावंसं वाटलं असेल. पण "असं प्रभू म्हणतो" हे शब्द दयेपोटीसुद्धा उसने घेता येत नाहीत. आणि त्या रात्री जे पैसे गेले त्याबद्दल मला राग आहे, तो मी लपवत नाही. पैसे घेऊन भविष्य सांगणाऱ्या संदेष्ट्यांवर मीखा तिसऱ्या अध्यायात तुटून पडला आहे, तो उगाच नाही. यापुढे अशा शब्दांसाठी तुमच्या घरातून एक रुपयाही जाऊ देऊ नकोस.

आता तुझा मोठा प्रश्न. खरं भाकीत पूर्ण होतं तेव्हा ते ओळखायचं कसं? यावर बोलायचं तर मला माझ्या सोळाव्या वर्षातली एक दुपार सांगावी लागेल.

आम्ही तेव्हा ठाण्यात चेंदणीला राहत होतो. गावाहून आजोबांचं पोस्टकार्ड आलं, की वडिलांचे एक चुलतभाऊ नगरच्या एसटीने येताहेत, स्टँडवर घ्यायला जा. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून आजोबांनी खुणा लिहिल्या होत्या. शाळेचे हेडमास्तर आहेत, गावात मोठा मान आहे, अंगाने उंच आहेत, आणि डोक्यावर बाजरीचं पोतं असेल, तुमच्यासाठी पाठवतो आहे. मी पोस्टकार्ड फ्रॉकच्या खिशात घालून गेले. गाडी आली, माणसं उतरली. मी हेडमास्तर शोधत होते. काळा कोट, चष्मा, हातात छत्री, असं काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे होतं. तसे एक गृहस्थ दिसलेसुद्धा. मी पुढे होऊन सलाम केला, तर ते मुलुंडला निघालेले कोणी परके निघाले. अर्धा तास मी स्टँडवर फिरले. खांबापाशी डोक्यावर पोतं घेतलेला एक उंच माणूस उभा होता. त्याच्यापुढून मी दोनदा गेले. हमाल असेल असं समजून मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. शेवटी त्यानेच हाक मारली, "पोरी, तू ठाण्याची ना? तुझी चाल अगदी तुझ्या आजीची आहे."

घरी जाताना मी पोस्टकार्ड पुन्हा काढून वाचलं. सगळं त्यात होतं. मला हेडमास्तर हा शब्द आवडला होता, तो मी लक्षात ठेवला. पोतं मला त्या शब्दाशी जुळवता आलं नाही, म्हणून मी ते वाचूनही वाचलं नव्हतं.

मशीहाविषयीच्या, म्हणजे देव पाठवणार होता त्या राजाविषयीच्या, भाकितांचं असंच झालं. यशयाच्या नवव्या अध्यायात दाविदाच्या सिंहासनावर बसणारा राजा आहे. त्याच पुस्तकाच्या ५३व्या अध्यायात तुच्छ मानलेला, क्लेशांनी पिचलेला सेवक आहे, ज्याच्यापासून लोक तोंड फिरवतात. दोन खुणा, एक माणूस. जखऱ्या संदेष्ट्याने तर दोन्ही एकाच ओवीत घातल्या: तुझा राजा येतो आहे, लीन आहे, गाढवावर बसला आहे. येशू तसाच यरुशलेमात आला, आणि शुभवर्तमान लिहिणारा योहान प्रांजळपणे लिहितो की त्याच्या शिष्यांना हे तेव्हा कळलंच नाही. येशूचा गौरव झाल्यावर त्यांना आठवलं, की अरे, हे त्याच्याविषयीच लिहिलेलं होतं. ज्यांनी तीन वर्षं त्याच्याबरोबर भाकर खाल्ली त्यांची ही गोष्ट. शनिवारच्या शनिवारी लगेच "दिसलं" म्हणणाऱ्यांपेक्षा मला हे शिष्य फार जवळचे वाटतात.

उलट ज्यांना उत्तर तोंडपाठ होतं त्यांचं काय झालं पाहा. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळ येशूला शोधत आले तेव्हा हेरोद राजाने मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना विचारलं, ख्रिस्ताचा जन्म कुठे व्हायचा? त्यांनी क्षणात मीखाचं वचन काढून दिलं: यहूदीयातील बेथलेहेम. अगदी अचूक. यरुशलेमपासून बेथलेहेम साधारण ९ किलोमीटर, म्हणजे तू ऐरोलीहून तुर्भ्याला जावंस तेवढं. त्यांच्यातला एकही तिकडे निघाल्याचं मत्तय लिहीत नाही. निघाले ते परदेशी मागीच. आणि मंदिरात त्या बाळाला ओळखलं कोणी, तर म्हाताऱ्या शिमोनाने आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या विधवा हन्नाने. मरीया आणि योसेफ पक्ष्यांची जोडी घेऊन आले होते. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने ती द्यावी, असं नियमशास्त्र म्हणतं. त्या गरीब जोडप्याकडे मंदिरातल्या कोणी वळून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. हे दोन म्हातारे वाट पाहण्यात आयुष्य घालवून बसले होते, म्हणून त्यांना पोत्याखालचा चेहरा दिसला.

तू हुशार आहेस, तू मला विचारशील की मत्तयही चावीसारखंच करत नाही का? "मी आपल्या पुत्राला मिसर देशातून बोलावलं" हे होशेय संदेष्ट्याचं वाक्य तो येशूला लावतो, आणि होशेयाच्या ११व्या अध्यायात तर ते इस्राएलाच्या जुन्या सुटकेविषयी आहे, पुढच्या काळाविषयी नाहीच. शंका रास्त आहे. पण मत्तय तिथे अंदाज खरा ठरला असं म्हणत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भरणं असा आहे, घागर काठोकाठ भरावी तसं. इस्राएल मिसरातून निघालं, पाण्यातून गेलं, अरण्यात ४० वर्षं भटकलं आणि पुन्हा पुन्हा पडलं. येशू मिसरातून आला, यार्देनेच्या पाण्यात उतरला, अरण्यात ४० दिवस राहिला आणि पडला नाही. जे अर्धं राहिलं होतं ते त्याच्यात भरून आलं. असं वाचल्याने मत्तयाची चूक झाकली जात नाही की त्याचा मान वाढत नाही. बोट सारखं येशूकडेच जातं. चावीचा नवा अर्थ कोणाला वाचवण्यासाठी निघाला, हे तू स्वतःला विचार.

मला स्वतःला विशीत या सगळ्याची फार शंका आली होती. यशयाचा ५३वा अध्याय इतका हुबेहूब वाटायचा की हे नंतर कोणीतरी लिहून आत घातलं असेल असं मनात यायचं. पुढे वाचनात आलं, की १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यात यशयाची एक जवळजवळ अखंड गुंडाळी होती, सात मीटरहून लांब, ख्रिस्तजन्माच्या शंभरएक वर्षं आधीची. ५३वा अध्याय तिच्यात आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. तरीही तुला खरं सांगते, त्या गुंडाळीने माझी शंका गेली, डोळे उघडले नाहीत. तोच अध्याय वाचून यहुदी विद्वान तो सेवक म्हणजे दुःख सोसणारं इस्राएल असं म्हणतात, आणि ते काही मूर्ख नाहीत. पुरावा दारापर्यंत आणून सोडतो. आतल्याची ओळख निराळी होते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी ते किती सरळ लिहून ठेवलंय. १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. याच बाईंनी पुढे केडगावला अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. आठ वर्षं त्यांना दिसलं नाही म्हणून त्यांना आंधळी म्हणायची कोणाची हिंमत आहे?

बातम्या जुळवण्याविषयी मी थोडक्यातच बोलते. युद्धं आणि भूकंप होतील असं येशूने सांगितलं, पण त्याच दमात म्हणाला की घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असंही तोच म्हणाला. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी दानीएलाच्या २३०० दिवसांचा हिशेब करून येशू परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. २३ तारखेला नेहमीसारखा सूर्य उगवला, आणि त्या लोकांचं रडणं खरं होतं. ती माणसं वाईट नव्हती. मला भीती वाटते ती याची, की पडद्यावर बॉम्ब पडताना पाहून आपण "वचन पूर्ण झालं" असं आनंदाने म्हणू लागलो, तर त्या ढिगाऱ्याखालचं मूल आपल्याला दिसेनासं होतं. ज्या दृष्टीने शेजारी दिसत नाही तिला मी आत्मिक दृष्टी म्हणणार नाही.

बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट मार्कने सांगितली आहे. येशूने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि विचारलं, तुला काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालताना दिसतात. त्याला "हो, सगळं स्पष्ट दिसतंय" असं म्हणता आलं असतं. त्याला येशूकडे घेऊन आलेले लोक होते, समोर प्रभू होता, कोणाला वाईट वाटायला नको. तो खरं बोलला. मग येशूने पुन्हा हात ठेवले. तुझ्या शनिवारच्या खोलीत "मला दिसत नाही" हे खरं बोलणारी तू एकटी आहेस, एवढंच मला तुझ्या पत्रावरून कळतं.

आणि आता जे मला तुला मुख्य सांगायचं आहे ते.

ठाण्याला येतेस तेव्हा मखमली तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च तू पाहिलं असशील. आपला पंथ तो नसला तरी २४ जूनला त्याच्या सणाच्या दिवशी मी तिथे थोडा वेळ बसून येते, त्या बाप्तिस्मा देणाऱ्या योहानासाठी. त्याच्याइतकी दृष्टी कोणाची होती? यार्देनेच्या काठी एवढ्या गर्दीतून येशू येताना दिसला आणि तो म्हणाला, हा पाहा देवाचा कोकरा. पुढे त्या हेरोदाच्या मुलाने, हेरोद अंतिपाने, त्याला तुरुंगात टाकलं. तिथून त्याने शिष्यांच्या हाती निरोप पाठवला: जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने सगळ्यांना बोटाने दाखवलं, त्यालाच आता दिसेनासं झालं होतं.

येशूने त्याला तुझे डोळे बंद आहेत असं म्हटलं नाही. उलट निरोपे गेल्यावर लोकांना म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. उत्तर पाठवलं ते यशयाच्या शब्दांत: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. योहानाला यशया पाठ असणार. त्याने ती यादी ऐकताना एक गोष्ट नक्की हेरली असणार. यशयाच्या ६१व्या अध्यायात गरिबांना सुवार्ता सांगण्याबरोबर बंदिवानांच्या सुटकेचीही घोषणा आहे. येशूने तुरुंगातल्या माणसाला पाठवलेल्या उत्तरात ती ओळ नाही. तिच्या जागी एवढंच आहे, की जो माझ्यामुळे अडखळत नाही तो धन्य.

योहान सुटला नाही. मेजवानीच्या रात्री त्याचं मस्तक तबकात आलं. तो उत्तर ऐकून काय म्हणाला, हे शास्त्रात लिहिलेलं नाही. माझे मिस्टर गेले त्या वर्षी मी हा उतारा कितीतरी वेळा उघडला आणि दर वेळी त्या गाळलेल्या ओळीपाशी थांबले. मला वाटतं, सगळ्या खुणा जुळत असताना आपल्या वाट्याची ओळ मात्र यादीत नाही, आणि तरी तोच आहे असं म्हणता येणं, ही खरी दृष्टी. ती मला सगळीच्या सगळी आली आहे असं मी म्हणत नाही. पण तुझ्या घरात नोकरीची चावी आली नाही, यावरून प्रभू खोटा ठरत नाही की तू आंधळी ठरत नाहीस. ते शब्द त्याचे नव्हते, त्यांचं ओझं तू त्याच्या खात्यात लिहू नकोस आणि स्वतःच्याही नको.

काय करायचं ते सांगते. तुझ्या एवढ्या लांब पत्रात तुझ्या नवऱ्याचं स्वतःचं असं एकही वाक्य नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवला गेला, पैसे त्याने दिले, बाईक तो चालवतो, आणि त्याला काय वाटतं ते मला कळलंच नाही. तुला तरी कळलंय का? आधी त्याच्याशी बोल, सभेविषयी नाही, त्याच्याविषयी. भर पावसात पार्सलं पोचवून घर चालवणाऱ्या माणसाच्या कामाला मान आहे. कोणाचं भाकीत वाचवायला ते वापरलं जातंय, हे त्याला टोचत असणार. मग दोघं मिळून पुढाऱ्यांकडे जा. आवाज न चढवता एवढंच म्हणा, की हे वचन पूर्ण झालेलं नाही आणि आम्ही ते झालं असं म्हणणार नाही. तुमच्या मंडळीच्या पाळकांच्या कानावरही घाला. त्यांनी ऐकलं तर उत्तमच. नाही ऐकलं तर त्या शनिवारच्या सभेला न गेल्याने तुमचं तारण जात नाही. रविवारची उपासना सोडू नकोस.

सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन लांबवू नका. पण ते होईपर्यंतच्या या रात्री मला फार मोलाच्या वाटतात. आज त्यांना यशयाचा ६१वा अध्याय वाच, दुसरी ओवी पूर्ण होईपर्यंत. मग लूकचा चौथा अध्याय काढ, नाझरेथच्या सभास्थानातला प्रसंग. येशू तेच वाचतो, "परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष" इथपर्यंत येतो, आणि ओवी अर्धी असतानाच गुंडाळी मिटून खाली बसतो. "आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस" हे पुढचे शब्द तो वाचत नाही, आणि म्हणतो, हा शास्त्रलेख आज तुमच्या कानी पडत असता पूर्ण झाला आहे. तूही तिथेच थांब आणि त्यांना विचार, आई, तो इथेच का थांबला असेल? आयुष्यभर ज्यांचे ओठ त्या शब्दांवर हलले आहेत, त्या काय म्हणतात ते मला लिहून कळव.

तुझी मावशी